सांगावा कुणाचा, वाढ कुणाची

४ डिसेंबर १९७५ रोजी निघालेल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या अंकात दोन शोधनिबंध एकाच वेळी छापले गेले. एक सिॲटलचा होता, दुसरा लॉस एंजेलिसचा. दोघांचं सांगणं एकच होतं: पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. एका निबंधाच्या हिशेबानं तो साडेचार पट होता, दुसऱ्याच्या हिशेबानं साडेसात पटींच्याही थोडा वर. गाभण घोडींच्या लघवीतून काढलेलं हे औषध, प्रेमारिन, अमेरिकेत १९४० च्या दशकापासून विकलं जात होतं. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरच्या खूप खपलेल्या पुस्तकानं ते तारुण्य टिकवणारं औषध म्हणून घरोघर पोहोचवलं होतं. निबंध आल्यावर गोळ्यांचा खप घसरला आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं या कॅन्सरचं प्रमाणही उतरलं. एखाद्या कारणाकडे बोट दाखवायला याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. त्यामुळे 'इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचा कॅन्सर होतो' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेलं आणि तिथून लोकांच्या बोलण्यात आलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतल्याशिवाय हा आजार कुणाला होतो, औषध कधी लागू पडतं आणि कधी वाया जातं, यातलं काहीच नीट उलगडत नाही.

आधी एक घोळ दूर करायला हवा. आपल्याकडे 'पिशवीचा कॅन्सर' या एकाच नावाखाली दोन वेगळे आजार येतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि भारतात तो खूप जास्त आढळतो. इथे विषय आहे तो पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा. त्याचा विषाणूशी संबंध नाही. त्याचा संबंध दर महिन्याला वाढणाऱ्या आणि गळून पडणाऱ्या अस्तराशी आहे. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली हे अस्तर जाड होत जातं. बीजकोशातून अंडं बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं. ते वाढ थांबवतं, अस्तराला गर्भ रुजण्याजोगं करतं आणि गर्भ राहिला नाही तर त्याच्या माघारीनं अस्तर गळून जातं. शरीरात इतक्या नेमानं इतकी वाढ आणि इतकी झड सोसणाऱ्या ऊती फार थोड्या.

आता साधा प्रश्न. पंचविशीतल्या निरोगी मुलीच्या रक्तात साठीच्या बाईपेक्षा इस्ट्रोजेन अनेक पटींनी जास्त असतं. मग हा कॅन्सर प्रामुख्यानं पाळी गेल्यानंतर का होतो? इस्ट्रोजेन हे नुसतं विष असतं तर त्याचा मार तरुणपणीच बसायला हवा होता. उत्तर प्रमाणात नाही, सोबतीत आहे. १९९६ साली जाहीर झालेल्या 'पेपी' या अमेरिकी चाचणीत ४५ ते ६४ वयाच्या ५९६ स्त्रियांच्या अस्तराची तीन वर्षं तपासणी झाली. नुसतं इस्ट्रोजेन मिळालेल्यांपैकी ६२ टक्के बायकांच्या अस्तरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची अतिवाढ दिसली. ज्यांना त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखं औषध मिळालं, त्यांच्यात ती औषधाविना राहिलेल्या गटाइतकीच होती. गर्भनिरोधक गोळ्यांचा पुरावा याहून बोलका आहे. त्यांतही प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाच्या जोडीला बहुधा इस्ट्रोजेन असतंच, तरीही दर पाच वर्षांच्या वापरामागे या कॅन्सरचा धोका साधारण चौथ्या हिश्शानं कमी होतो आणि हे संरक्षण गोळ्या थांबवल्यानंतरही अनेक वर्षं टिकतं, असं 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'तल्या २०१५ च्या मोठ्या एकत्रित अभ्यासात दिसलं. एकच संप्रेरक एका ठिकाणी धोका वाढवतं आणि दुसऱ्या सोबतीत धोका घटताना दिसतो. तेव्हा दोष संप्रेरकावर टाकून मोकळं होता येत नाही.

पण 'इस्ट्रोजेन वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन थोपवतं' एवढ्यावर थांबणंही अपुरं आहे. हे वाढवणं नेमकं घडतं कसं? शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन उंदरांना दिलं, तेव्हा ते गर्भाशयात धरून ठेवलं गेलं आणि इतर बहुतेक ऊतींतून निघून गेलं. म्हणजे गर्भाशयाच्या पेशींमध्ये त्याला ओळखणारं काहीतरी होतं. त्यालाच पुढे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर म्हटलं गेलं. कल्पना सरळ झाली: इस्ट्रोजेन हा सांगावा, रिसेप्टर हा तो ऐकणारा कान, आणि कान असलेली पेशी वाढणार. अडचण प्रयोगशाळेत आली. अस्तराच्या ग्रंथींच्या निरोगी पेशी सुट्या करून काचेच्या बशीत ठेवल्या आणि त्यांच्यावर इस्ट्रोजेन घातलं, तर त्या फारशा वाढेनात. शरीरात ज्या सांगाव्यावर त्या तुटून पडतात, तोच बशीत त्यांना ऐकू येत नसल्यासारखा. मधला कुणीतरी गहाळ होता.

तो मधला कोण, याचा धागा गर्भाशयापासून फार दूरच्या एका कामात होता. स्टॅनली कोहेन यांना उंदरांच्या लाळग्रंथींच्या अर्कात असं एक प्रथिन सापडलं होतं, की ते टोचल्यावर नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत. त्वचेच्या पेशी वाढवणाऱ्या या प्रथिनाला ईजीएफ हे नाव मिळालं, आणि १९८६ चं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना अशा वाढघटकांच्या शोधासाठी मिळालं. संप्रेरक रक्तातून लांबचा प्रवास करतं. वाढघटक बहुधा जिथे तयार होतो तिथल्याच शेजारी पेशींशी बोलतो. १९९१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शासकीय प्रयोगशाळेत बीजकोश काढलेल्या उंदरिणींना ईजीएफ दिलं गेलं. इस्ट्रोजेनचा स्रोतच काढून टाकलेला असताना त्यांच्या गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेन दिल्यासारखंच वाढलं. उलट बाजूनं, ईजीएफला बांधून ठेवणारी प्रतिपिंडं दिली तर इस्ट्रोजेनचा परिणामच मंदावला. मधला माणूस सापडला, असं वाटावं अशी ही गोष्ट. पण १९९६ मध्ये याच संशोधकांच्या वर्तुळातून आलेल्या प्रयोगानं चित्र पुन्हा बदललं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच नसलेल्या उंदरिणींमध्ये ईजीएफनंही ती वाढ घडवली नाही. म्हणजे वाढघटक हा केवळ निरोप्या नव्हता. पेशीच्या पृष्ठभागावरून आत निरोप पाठवून तो इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला फॉस्फेटची खूण लागून जागं व्हायला लावू शकत होता, खुद्द इस्ट्रोजेन हजर नसतानाही. संप्रेरक वाढघटकाला बोलावतं आणि वाढघटक संप्रेरकाच्या वतीनं बोलतो. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच वाटतो, कारण पुढचं जवळजवळ सगळं याच दुहेरी वाटेवर घडतं.

या संभाषणात तिसराही एक पक्ष आहे, आणि कॅन्सरच्या चर्चेत त्याचा उल्लेख कमी होतो. ग्रंथींच्या भोवती आधारपेशींचा थर असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पॉल कुक आणि सहकाऱ्यांनी रिसेप्टर असलेल्या आणि नसलेल्या उंदरांच्या ग्रंथीपेशी व आधारपेशी अदलाबदल करून जोडल्या. ग्रंथीपेशीला कान नसला पण तिच्याभोवतीच्या आधारपेशींना असला, तरी ग्रंथीपेशी इस्ट्रोजेनवर वाढली. आधारपेशींना कान नसला, तर ग्रंथीपेशीचा कान काही कामाचा नव्हता. ऐकतो एक आणि वाढतो दुसरा, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं. बशीतल्या एकट्या पेशी गप्प का होत्या, तेही इथे कळतं: त्यांचा ऐकणारा शेजार काढून घेतलेला होता. ऐकलेलं शेजाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांमध्ये आयजीएफ-१ हा इन्सुलिनच्या गोत्रातला वाढघटक प्रमुख आहे. प्रोजेस्टेरॉनचा लगामही याच शेजारातून चालतो. इलिनॉय विद्यापीठात इंद्राणी बागची, मिलन बागची आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की प्रोजेस्टेरॉन आधारपेशींतल्या 'हँड-२' या जनुकाला कामाला लावतं आणि ते जनुक एफजीएफ नावाच्या वाढघटकांचं उत्पादन दाबतं. ते जनुक काढलं तर प्रोजेस्टेरॉन असूनही अस्तर वाढत राहतं. दोन वर्षांनी माणसांच्या ऊतींवर झालेल्या अभ्यासात अस्तराच्या कॅन्सरमध्ये हेच जनुक रासायनिक खुणांनी बंद केलेलं आढळलं. 'उंदरांवरून बायकांबद्दल काय बोलता?' हा आक्षेप रास्त आहे; उंदराला तर मासिक पाळीही येत नाही. पण उंदरात सापडलेला लगाम माणसाच्या गाठींत तुटलेला सापडतो, तेव्हा तो आक्षेप बराचसा सैल होतो.

आता पेशीच्या आत. आयजीएफ असो, ईजीएफ असो की इन्सुलिन, पेशीच्या पृष्ठभागावर येऊन थडकल्यावर त्यांचा निरोप आत ज्या साखळीनं जातो, तिचा एक मोठा टप्पा पीआय-३-कायनेज या नावानं ओळखला जातो. त्या टप्प्यावर लगाम धरून बसलेलं प्रथिन म्हणजे पीटेन. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या कॅन्सर जीनोम ॲटलासच्या अभ्यासात गर्भाशयाच्या ३७३ गाठींची जनुकं वाचली गेली, आणि नेहमीच्या, ग्रंथीसदृश प्रकारच्या गाठींमध्ये सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं जनुक होतं ते पीटेनच. म्हणजे कॅन्सर जिथे वार करतो ती जागा नेमकी वाढघटकांच्या निरोपाची आहे. लगाम सुटलेल्या पेशीला थोडासा सांगावाही पुरतो आणि पुढे पुढे सांगाव्याची गरजच उरत नाही. यावर कुणी म्हणेल, मग सगळा खेळ जनुकांचा; संप्रेरकांचं कशाला सांगता? याचं उत्तर बॉस्टनच्या जॉर्ज मटर यांच्या निरीक्षणात आहे. पाळी चालू असलेल्या निरोगी बायकांचं अस्तर बारकाईनं तपासलं, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक जणींमध्ये पीटेन हरवलेल्या तुरळक ग्रंथी सापडल्या. त्या बायकांना कॅन्सर नव्हता आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना तो कधी होणारही नव्हता. बिघडलेलं बी अनेकींच्या अस्तरात असतं. त्याला महिनोन्महिने नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहतं की दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन येऊन शेत साफ करतं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

टॅमोक्सिफेनची गोष्ट याच कसोटीवर पाहावी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे औषध इस्ट्रोजेनचा कान बंद करतं आणि त्यानं असंख्य बायकांचे प्राण वाचले आहेत. तेच गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. अमेरिकेतल्या १९९८ च्या प्रतिबंधक चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये अस्तराच्या कॅन्सरचा धोका अडीच पट झाला, आणि ही वाढ मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये होती. रेणू तोच, रिसेप्टर तोच, मग फळ उलटं का? २००२ मध्ये मायल्स ब्राउन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की टॅमोक्सिफेन बसलेला रिसेप्टर स्तनाच्या पेशीत जनुकं दाबणारी प्रथिनं गोळा करतो आणि अस्तराच्या पेशीत जनुकं चेतवणारी, कारण अस्तराच्या पेशीत त्या मदतनीस प्रथिनांचा साठाच वेगळा आहे. हा प्रयोग ज्या 'इशिकावा' पेशींवर झाला, त्या जपानमध्ये मासातो निशिदा यांनी एका ३९ वर्षांच्या रुग्णाच्या गाठीपासून वाढवलेल्या. बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पेशींची साक्ष एकटी पुरेशी मानू नये, हे खरं. इथे ती दवाखान्यातल्या आकड्यांशी जुळते म्हणून तिचं वजन आहे.

लठ्ठपणाचा संबंध याच विणीतला आहे आणि तो फार घट्ट आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबात, वजनाच्या सर्वांत वरच्या गटातल्या बायकांना अस्तराच्या कॅन्सरचा धोका सामान्य वजनाच्या बायकांच्या सुमारे सात पट होता. त्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही कॅन्सरचा आकडा इतका मोठा नव्हता. पाळी गेल्यावर बीजकोश थकतात, पण चरबीतलं ॲरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवत राहतं आणि त्याला थोपवणारं प्रोजेस्टेरॉन कुठूनच येत नाही. जोडीला रक्तातलं इन्सुलिन चढलेलं असतं. आयजीएफला बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे; प्रोजेस्टेरॉन अस्तरात ते वाढवतं आणि इन्सुलिन ते घटवतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेले सांगावे इथे एकाच उंबरठ्यावर भेटतात. याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप मेटफॉर्मिनचा आहे. इन्सुलिन दोषी असेल तर ते उतरवणाऱ्या औषधानं गुण यायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या 'फेमी' चाचणीत (अहवाल २०२१) सुरुवातीच्या कॅन्सरच्या व अतिवाढीच्या बायकांना प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं गेलं. सहा महिन्यांनी नुसत्या साधनानं ६१ टक्के, वजन घटवण्याच्या कार्यक्रमाच्या जोडीनं ६७ टक्के आणि मेटफॉर्मिनच्या जोडीनं ५७ टक्के बायकांत रोग दिसेनासा झाला. मेटफॉर्मिननं काही मिळवलं नाही. हा निकाल मी झटकून टाकणार नाही. पण तो प्रश्न उशिरा विचारतो, असं माझं मत आहे. पीटेन गेलेल्या पेशीच्या आतली साखळी आधीच चालू झालेली असते. बाहेरचं इन्सुलिन थोडं उतरल्यानं तिला फरक पडेल ही अपेक्षा कमकुवत आहे. आजार होण्याआधीच्या वर्षांचा पुरावा वेगळं बोलतो: लठ्ठपणावर शस्त्रक्रिया केलेल्या बायकांच्या दीर्घ स्वीडिश पाहणीत या कॅन्सरचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला.

आणखी एक आक्षेप मात्र अंगावर घ्यायलाच हवा. लेनिनग्राडचे यान बोखमान यांनी १९८३ मध्येच सांगितलं होतं, की या कॅन्सरच्या दोन जाती आहेत: एक स्थूलता, मधुमेह आणि इस्ट्रोजेनशी नातं असलेली, दुसरी तसं नातं नसलेली आणि जास्त जहाल. या दुसऱ्या जातीतल्या सीरस प्रकारच्या गाठींत पीटेनऐवजी पी-५३ हे जनुक बिघडलेलं असतं, आजूबाजूचं अस्तर बहुधा वाळलेलं असतं, आणि संप्रेरकांची कहाणी तिथे फारशी लागू होत नाही. वाढघटकांची मात्र होते. यांतल्या बऱ्याच गाठींमध्ये हर-२ हा ईजीएफच्याच कुळातला रिसेप्टर पेशीवर भरमसाट उगवलेला असतो. त्याला अडवणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध केमोथेरपीला जोडल्यावर २०१८ च्या एका लहान चाचणीत रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १२.६ महिन्यांवर गेला. या पेशी इस्ट्रोजेनचं ऐकत नाहीत, पण वाढीची हाक देणारी यंत्रणा त्यांनाही लागते. फक्त ती त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतलेली असते.

म्हणूनच औषधाचं यश पेशी अजून किती ऐकते यावर ठरतं. १९६१ साली बॉस्टनमध्ये केली आणि बेकर यांनी पसरलेला कॅन्सर असलेल्या २१ बायकांना प्रोजेस्टेरॉनसारखं औषध दिलं, तेव्हा साधारण तिघींत एकीची गाठ आक्रसली. मूल हवं असलेल्या तरुण रुग्णांत, रोग अगदी सुरुवातीचा असेल तर, आज गर्भाशय न काढता हेच उपचार करून पाहतात. २०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात ७६ टक्के जणींचा रोग मागे हटला, पण पुढे सुमारे ४१ टक्के जणींमध्ये तो परतला. परतण्यामागे एक कारण या संभाषणातच दडलेलं आहे. प्रोजेस्टेरॉनचा कान पेशीत बसवायचं काम इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून होतं, आणि प्रोजेस्टेरॉनचा मारा लांबला की तो कान कमी होत जातो. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत टॅमोक्सिफेन आणि मेजेस्ट्रॉल हे प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आलटून पालटून दिले गेले आणि २७ टक्के रुग्णांत गाठ आटली. धोका म्हणून ओळखलं जाणारं टॅमोक्सिफेन तिथे बंद झालेला कान उघडायला वापरलं होतं. पुढचा टप्पा दोन्ही वाटा एकदम अडवण्याचा. लेट्रोझोल इस्ट्रोजेन बनू देत नाही आणि एव्हरोलिमस पीआय-३-कायनेजच्या पुढची कडी अडवतं. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत, रोग उलटलेल्या ३५ बायकांपैकी ३२ टक्के जणींना या जोडीनं गुण आला. सीरस प्रकारच्या गाठींवर तिचा परिणाम झाला नाही.

महाराष्ट्रात या ज्ञानाचा अभाव दोन उलट्या टोकांना दिसतो. एकीकडे पीसीओडीच्या मुली आहेत. त्यांची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही आणि 'वयानुसार होईल सुरळीत' म्हणून घरी गप्प बसलं जातं. अंडं बाहेर पडत नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तराला थांबायचा सांगावा मिळतच नाही. अशा बायकांमध्ये या कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट आढळतो. तरुण वयात तो मुळात फार थोडा असला, तरी ठराविक काळानं प्रोजेस्टेरॉन देऊन अस्तर गळू देणं हा स्वस्त आणि साधा उपाय उपलब्ध असताना त्याकडे दुर्लक्ष होतं, हे मला फार खटकतं. दुसरीकडे निरोगी पिशव्या काढल्या जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं, अंगावरून जास्त जाणं अशा तक्रारींसाठी गेलेल्या अनेकींना 'पिशवी ठेवलीत तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचं तेव्हा समोर आलं. पंचविशी-तिशीतल्या, दर महिन्याला अंडं बाहेर पडणाऱ्या बाईच्या अस्तराला स्वतःचं प्रोजेस्टेरॉन मिळत असतं. तिला घातलेल्या या भीतीला शरीरशास्त्रात कसलाच आधार नाही.

ज्या लक्षणाला आधार आहे ते वेगळं आहे. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्त जाणं हे अस्तराच्या कॅन्सरच्या दर दहापैकी नऊ बायकांमध्ये आढळतं. असं रक्त गेलेल्या शंभरातल्या साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो, पण तो निघाला तर बहुधा गाठ गर्भाशयापुरतीच असते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजून, लागल्यास बारीक नळीनं त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्या तुकड्याच्या अहवालात आता गाठीची प्रत एवढंच पाहून भागत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत का, पी-५३ बिघडलं आहे का, डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का, हेही विचारलं जातं, आणि २०२३ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं या आजाराच्या टप्प्यांच्या वर्गीकरणातच गाठीच्या रेणूंची ही ओळख घेतली आहे.